सांगणे आणि कळणे : ‘अग्निप्रवेशम्’, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आणि गिंडीची एक फिर्याद

जयकांतन यांची ‘अग्निप्रवेशम्’ ही कथा १९६६ साली ‘आनंद विकटन’ या तमिळ साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. पावसाने झोडपलेली मद्रासमधील एक संध्याकाळ, बसथांब्यावर मागे राहिलेली महाविद्यालयीन मुलगी, मोठ्या मोटारीतून आलेला अनोळखी तरुण आणि नंतर ओलीचिंब, भेदरलेली अशी घरी परतलेली ती, एवढाच या कथेचा ऐवज. मुलीची विधवा आई प्रथम आकांत मांडते, मग स्वतःला सावरते. लेकीच्या डोक्यावरून पाणी ओतते, आता तू स्वच्छ झालीस असे सांगते, आणि झाल्या प्रकाराची कोठेही वाच्यता होता कामा नये असे बजावते. शीर्षक सीतेच्या अग्निदिव्याचे आणि प्रत्यक्षात अग्नीच्या जागी पाणी, या अदलाबदलीत कथेचे सारे बळ साठलेले आहे. कथेवर तेव्हा जो वाद झाला तो बहुतांशी आईच्या औदार्याभोवती फिरला. अशा मुलीला इतक्या सहजी शुद्ध ठरवणे योग्य की अयोग्य, हा त्या वादाचा विषय होता. त्या मुलीला स्वतःला कोणाला काही सांगावेसे वाटले असेल काय, हा प्रश्न मात्र त्या वादाच्या कक्षेत आला नाही.

तो प्रश्न पुढे जयकांतन यांनीच आपल्या कादंबरीतून अप्रत्यक्षपणे उपस्थित केला. ‘सिल नेरंगळिल सिल मनिदर्गळ’, म्हणजे ‘काही वेळी काही माणसे’, ही ती कादंबरी १९७० सालची. १९७२ चा साहित्य अकादेमी पुरस्कार तिला मिळाला आणि १९७७ साली भीमसिंग यांनी तिच्यावर चित्रपट केला. कादंबरीत घटना तीच आहे, मुलगीही तीच आहे, गंगा तिचे नाव. बदलला आहे तो केवळ एक क्षण. आईला येथे सावरणे साधत नाही. तिचा आकांत शेजारीपाजारी ऐकू जातो, आणि भाऊ बहिणीला घराबाहेर काढतो. मामाच्या आश्रयाने गंगा शिकते, नोकरीत वर चढते, एकटी राहते. वर्षे लोटल्यावर एका साप्ताहिकात आर. के. व्ही. नावाच्या लेखकाची कथा तिच्या वाचनात येते. ती कथा म्हणजे ‘अग्निप्रवेशम्’! नायिका स्वतःचीच गोष्ट छापील स्वरूपात, दुसऱ्याच्या नावावर, आणि ज्या शेवटाला ती मुकली त्या शेवटासह वाचते आहे. कादंबरीकाराने स्वतःच्या गाजलेल्या कथेची इतकी निर्मम तपासणी केल्याची उदाहरणे भारतीय भाषांत फारशी नसावीत.

या दोन संहिता शेजारी ठेवून वाचल्या की सामान्यतः जो निष्कर्ष निघतो तो असा : आई शहाणपणाने वागली तर मुलगी वाचते, आईने आकांत केला तर ती उद्ध्वस्त होते. हा निष्कर्ष चुकीचा नाही, पण तो अर्धा आहे. कथेतील आईचे पाणी आणि कादंबरीतील आईचा आकांत या दोहोंमध्ये एक गोष्ट समान आहे. दोन्ही ठिकाणी काय झाले हे जगाला कळावे की कळू नये याचा निर्णय मुलीने घेतलेला नाही. कथेतील माउली कनवाळू आहे यात शंका नाही. तिच्या काळातील व वर्गातील स्त्रीच्या मानाने तिचे धैर्य विलक्षणच म्हटले पाहिजे. परंतु ज्या घागरीतून ती दया ओतते त्याच घागरीतून मौनाची आज्ञाही ओतते. झाकली मूठ सव्वा लाखाची हे शहाणपण मराठी घरांनाही अपरिचित नाही. त्या मुठीत कोणाचा हात आवळला गेला आहे, हे मात्र ती म्हण सांगत नाही.

‘सांगणे’ आणि ‘कळणे’ या दोन क्रिया मराठीत सहज शेजारी येतात, आणि त्यामुळे त्यांच्यातील अंतर नजरेआड होते. सांगणाऱ्याला कर्तेपण असते. जे कळते ते कोणाच्या तरी हातून निसटून कळते. लैंगिक अत्याचाराविषयीच्या आपल्या चर्चेत ‘स्त्रिया बोलत नाहीत’ असे वारंवार म्हटले जाते, आणि आकडेही तसेच दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितल्याचे आढळले. तीन-चतुर्थांशांहून अधिक स्त्रियांनी मदतही मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलेही नव्हते. मात्र या मौनाला निव्वळ भिडस्तपणा किंवा अज्ञान समजणे म्हणजे त्यामागील हिशेब न वाचणे होय. सांगितल्याचे रूपांतर कळण्यात किती लवकर होते, हे त्या स्त्रिया पाहत आलेल्या असतात.

गिंडी येथील २०२४ ची घटना या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. चेन्नईचा हा भाग बाहेरच्यांना घोड्यांच्या शर्यतींमुळे, राजभवनामुळे, शहराच्या मध्यभागी राखलेल्या वनामुळे ठाऊक असतो. तमिळ मध्यमवर्गाला तो अभियांत्रिकीच्या शिक्षणामुळे ठाऊक असतो. १७९४ साली भूमापनाची शाळा म्हणून सुरू झालेले गिंडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९७८ पासून अण्णा विद्यापीठाचा भाग आहे, आणि तेथे मुलीला प्रवेश मिळणे ही कित्येक घरांत पिढीचे दैव पालटण्याची गोष्ट असते. त्या आवारात २३ डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी एका विद्यार्थिनीवर बाहेरून आलेल्या इसमाने अत्याचार केला. आपल्याजवळ चित्रण आहे अशी धमकी हे त्याचे हत्यार होते; म्हणजे शरीरावरील बळाइतकाच ‘कळण्या’च्या भीतीवर त्याचा भरवसा होता. तो भरवसा फोल ठरला. दुसऱ्याच दिवशी कोट्टूरपुरम येथील महिला पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदली गेली.

येथवर जे घडले ते गंगेच्या कथेहून सर्वस्वी निराळे आहे. मुलगी बोलली, त्वरित बोलली, आणि जेथे बोलायचे तेथेच बोलली. आणि मग जयकांतन यांच्या कादंबरीतील प्रसंग जणू उलट्या वाटेने घडला. तिने पोलिसांना सांगितलेली हकीकत तिच्या ओळखीच्या तपशिलासह पोलिसांच्या संकेतस्थळावरून बाहेर पडली आणि पाहता पाहता दूरध्वनी संचांवरून सर्वत्र फिरली. जुन्या दंडसंहितेकडून नव्या भारतीय न्याय संहितेकडे जाताना संगणकप्रणालीत राहिलेला दोष, असे त्याचे कारण देण्यात आले. मद्रास उच्च न्यायालयाच्या न्या. एस. एम. सुब्रमण्यम व न्या. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्या खंडपीठाने २८ डिसेंबरला तपास तीन महिला पोलीस अधिकाऱ्यांच्या विशेष पथकाकडे सोपवला, ओळख उघड झाल्याबद्दल शासनाने २५ लाख रुपयांची अंतरिम भरपाई द्यावी असा आदेश दिला, आणि त्याच ओघात एक असे निरीक्षण नोंदवले की ज्याची दखल साहित्याच्या अभ्यासकांनी घ्यावयास हवी. त्या फिर्यादीची भाषाच मुलीवर दोष ढकलणारी आहे, तिच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारी आहे, असे न्यायालयाने म्हटले.

म्हणजे न्यायालयाने येथे निवेदनाची समीक्षा केली. (त्या फिर्यादीतील मजकूर या लेखात घेतलेला नाही, तो पुन्हा उद्धृत करणे हे त्याच्या पहिल्या प्रसृतीइतकेच गैर ठरेल.) फिर्याद ही कागदावर प्रथमपुरुषी असते, फिर्यादी स्वतः बोलते आहे असा तिचा घाट असतो. प्रत्यक्षात ती लिहितो ठाण्यातील कर्मचारी. कोणता तपशील पुढे घ्यावा, कोणता शब्द वापरावा, मुलगी तेथे का थांबली होती आणि कोणाबरोबर होती याला किती ओळी द्याव्यात, हे त्या लेखणीवर ठरते. निवेदक आणि लेखक यांच्यातील फरक कथनमीमांसेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच धड्यात शिकवला जातो. ठाण्यातील कागदावर तो फरक पुसला जातो, आणि परक्याची नजर मुलीच्या ‘मी’मध्ये शिरून बसते. आर. के. व्ही. ने निदान गोष्ट स्वतःच्या नावावर छापली होती.

मराठी भाषेची या बाबतीतील अवस्था तपासण्यासारखी आहे. दंडसंहितेतील ३५४ कलमाचा गुन्हा मराठीत ‘विनयभंग’ म्हणून रूढ झाला. या शब्दात मोडतो तो स्त्रीचा विनय. जणू विनय ही काचेची वस्तू आहे, आणि ती फुटल्यावर उरते ती विनय नसलेली स्त्री. ‘अब्रू’ तर तिची एकटीची कधीच नसते, ती घराची असते. ‘लुटली’ या क्रियापदाबरोबर ती येते तेव्हा लुटले गेलेले घर पुरुषांचे असते. अलीकडचा ‘पीडिता’ हा शब्द सहानुभूतीचा आहे, तथापि तो तिला पीडेतच ठेवतो. ‘अत्याचारग्रस्त’ ऐकताना तर पूरग्रस्त आणि दुष्काळग्रस्त यांच्या छावणीची आठवण होते. सोसून पुढे गेलेली, जिवंत राहिलेली, या अर्थाचा सुटसुटीत शब्द मराठीने अद्याप घडवलेला नाही. सगळ्या रुक्ष कचेरीच्या भाषेत मात्र एक शब्द सापडतो : ‘फिर्यादी’. तो तिला कर्ती करतो. तिने काही केले आहे, दाद मागितली आहे, एवढेच तो सांगतो. वृत्तपत्रे त्याच्याऐवजी इतर सगळे शब्द वापरतात, हा योगायोग नसावा.

‘अग्निप्रवेशम्’नंतर एका वर्षाने, डिसेंबर १९६७ मध्ये, ‘रंगायन’ने विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगमंचावर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे, आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. या दोन कलाकृतींचा परस्परांशी काही संबंध नाही. मद्रास आणि मुंबई या दोन शहरांतील दोन लेखकांना एकाच सुमारास एकच रचना सुचावी, हेच लक्षणीय आहे. बेणारेही शिकलेली, मिळवती, एकटी. तिच्याही आयुष्यात मामा आहे. पंधराव्या वर्षी तिने ज्याला प्रेम समजले तो आईचा भाऊ होता. आज तो गुन्हा ठरेल. नाटकात त्याला नाव नाही. गंगेचा मामा वकील आहे. तो तिला आसरा देतो, शिकवतो, आणि त्याच आसऱ्याची किंमत म्हणून तिच्याकडे वासनेने पाहतो. पोळलेल्या मुलीने जेथे धाव घ्यावी ते घरातले विश्वासाचे माणूस या दोन्ही संहितांत आधीच धोक्याचे झालेले आहे. मामाचा गाव हे मराठी बालपणातले सुटीचे आणि लाडाचे ठिकाण. तेंडुलकरांनी नेमके त्याच ठिकाणी बोट ठेवले, आणि प्रेक्षकांची अस्वस्थता भ्रूणहत्येच्या आरोपाइतकीच या नात्यामुळेही वाढली असली पाहिजे.

आणखी एक साम्य अधिक सूक्ष्म आहे, आणि त्याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. अभिरूप न्यायालयात गावातला सामंत साक्षीला उभा राहतो. तो भाबडा आहे, त्याला कोणाचे वाईट करायचे नाही. साक्षीत काय सांगावे हे न सुचल्यामुळे तो वाचत असलेल्या कादंबरीतून मजकूर उचलून बेणारेच्या नावावर घालतो. आणि तो मजकूर खरा निघतो. साप्ताहिकातील कथा गंगेच्या आयुष्याशी जुळते, बाजारू कादंबरीतील प्रसंग बेणारेच्या आयुष्याशी जुळतो. दोन्ही लेखकांनी असे सुचवले आहे की या स्त्रियांची गोष्ट त्यांनी सांगण्यापूर्वीच समाजाजवळ छापून तयार आहे. पात्राचे नाव तेवढे भरायचे बाकी असते. पोलीस ठाण्यातील लेखणी जेव्हा फिर्यादीला ठरावीक वळण देते तेव्हा ती याच तयार मजकुरातून उतरवत असते.

बेणारेला बोलायला मिळते ते शेवटी, आरोपी म्हणून, दहा सेकंदांपुरते. तेवढ्या अवधीत तिचे दीर्घ स्वगत येते आणि बाकी सारी पात्रे जागच्या जागी थिजलेली राहतात. या स्वगताची स्तुती मराठीत इतकी झाली आहे, त्याचे प्रयोग स्पर्धा-स्पर्धांतून इतके झाले आहेत की त्याची रंगमंचीय वस्तुस्थिती विसरली जाते : ते कोर्टात कोणीही ऐकलेले नाही. प्रेक्षकांनी ऐकले, सुखात्म्यांनी नाही, काशीकरांनी नाही. निकाल त्यानंतर लागतो आणि तो त्या स्वगताने तसूभरही हललेला नाही. ती बोलली, पण नोंद झाली नाही.

नोंद झाली तरी काय होते, याचे मराठी मुलखातले उदाहरण १९७२ चे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील (आताच्या गडचिरोलीतील) देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप होता. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. नागपूर खंडपीठाने निमूटपणे शरण जाणे म्हणजे संमती नव्हे असा विवेक करून शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण अंगावर जखमांच्या खुणा नव्हत्या आणि तिने आरडाओरडा केल्याचे दिसत नव्हते. कादंबरीतील गंगा आईच्या आकांताने बुडाली. देसाईगंजची मुलगी आकांत न केल्यामुळे. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार विधिप्राध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना लिहिलेले खुले पत्र हे त्या निकालपत्राचे अत्यंत बारकाईने केलेले वाचन होते, आणि त्यातून उठलेल्या चळवळीमुळे १९८३ साली कायदा बदलला. त्याच दुरुस्तीने २२८अ हे कलम आले, ज्यान्वये अशा स्त्रीची ओळख प्रसिद्ध करणे गुन्हा ठरले. नव्या संहितेत ते ७२ वे कलम आहे. ज्या मुलीमुळे हा निर्बंध आला तिच्याच नावाने तो खटला आजही विधीच्या पाठ्यपुस्तकांत ओळखला जातो.

नाव झाकून बोलण्याचा हा हक्क मराठी साहित्याला कायद्याच्या पन्नास वर्षे आधी परिचित झाला होता. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले ते विभावरी शिरूरकर या टोपणनावाने. सुशिक्षित अविवाहित मुलींच्या मनातील घुसमट त्यात इतक्या उघडपणे आली होती की समाजात खळबळ माजली, आणि पुस्तकात काय म्हटले आहे यापेक्षा ही बाई कोण, या शोधाला अधिक जोर चढला. मालती बेडेकर यांच्या टोपणनावाला भित्रेपणा म्हणणारे तेव्हाही होते. वास्तविक ती एक नेमकी वाङ्मयीन युक्ती होती : सांगायचे, परंतु कळू द्यायचे नाही. २२८अ कलम हेच अभय देते. गिंडीत हिरावले गेले ते हेच अभय.

जयकांतन यांच्या कादंबरीचा उत्तरार्ध आज अधिक खटकतो, आणि तो मोकळेपणाने खटकू द्यावा. गंगेला मामा ऐकवतो की तिला आता कोणाची पत्नी होता येणार नाही; व्हायचेच तर त्या पुरुषाला शोधून काढावे. ती त्याला खरोखरच शोधते, त्यांच्यात एक विचित्र, बरेचसे कोमल मैत्र जुळते, आणि ते तुटल्यावर ती ढासळते. लेखक या मैत्रीकडे माणुसकीच्या अथांगपणाचा नमुना म्हणून पाहतो. तथापि ज्याने जखम केली तोच उपाय, हे मामाचे वकिली सूत्र कादंबरीने शेवटपर्यंत मोडलेले नाही. हे सूत्र केवळ कादंबरीपुरते असते तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. जून २०१५ मध्ये याच मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी बलात्काराबद्दल शिक्षा झालेल्या इसमाला तो त्या मुलीशी समेट करू शकावा म्हणून जामीन दिला होता. मुलीने समेटाला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने १ जुलैला दुसऱ्या एका खटल्यात अशा गुन्ह्यांत तडजोडीला थारा नाही असे बजावल्यानंतर त्या महिन्यात तो आदेश मागे घेतला गेला. कादंबरीतल्या वेंकू मामाला पंचेचाळीस वर्षांनी भेटलेला हा सहविचारी!

गिंडीच्या खटल्याचा निकाल मात्र जलद लागला. चेन्नईच्या महिला न्यायालयाने मे २०२५ मध्ये आरोपीला सर्व ११ आरोपांखाली दोषी ठरवले आणि २ जूनला किमान तीस वर्षे सवलतीविना भोगावयाची जन्मठेप सुनावली. फिर्यादीपासून शिक्षेपर्यंत सव्वापाच महिने. भारतीय न्यायव्यवस्थेत ही गती दुर्मीळच. शिक्षा कठोर झाली म्हणून पुढच्या मुली ठाण्याची पायरी चढतील, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. त्या मुलींनी शिक्षेची बातमी वाचली असेल, तशी फिरत आलेली फिर्यादही वाचली असेल. यांपैकी कोणता मजकूर मनात अधिक काळ राहील, हे निकालपत्राला ठरवता येत नाही.

अशा वाचकाच्या मनःस्थितीपर्यंत साहित्य पोहोचते ते लहानशा तपशिलांनी. ‘शांतता!’च्या अखेरीस सारे निघून जातात, बेणारे जमिनीवर निश्चल पडलेली असते. सामंत परत येतो. पुतण्यासाठी घेतलेला हिरव्या कापडाचा पोपट त्याच्या हातात आहे. काहीतरी करावे असे या माणसाला मनापासून वाटते, आणि त्याला शब्द सुचत नाहीत. थोड्या वेळापूर्वी त्यानेच तिच्याविरुद्ध साक्षीत कादंबरी वाचून दाखवलेली असते. तो पोपट तिच्याजवळ ठेवतो आणि घाईघाईने निघून जातो.